डॉ. मेबलबाई आरोळे : जामखेडच्या बाळंतिणींची सखी

मरीयेला दिवस गेले तेव्हा ती लगबगीने डोंगराळ प्रदेशात अलीशिबेच्या घरी गेली व तेथे सुमारे तीन महिने राहिली, हे शुभवर्तमानकार लूकाने लिहून ठेविले आहे. आमच्या वाचकांपैकी प्रत्येकाने हा वृत्तान्त नाताळच्या दिवसांत अनेकदा ऐकिला असेल. तथापि त्यातील एका साध्या गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ती ही की, गर्भार बाईस दुसऱ्या बाईचा आधार लागतो, आणि तो आधार तिला आपल्याच माणसांत, आपल्याच बोलीत व चालत जाता येईल अशा घरी मिळाला म्हणजे तिचे अर्धे भय नाहीसे होते. आज ज्या बाईंचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, त्यांनी आपले सारे आयुष्य ह्या एका गोष्टीकरिता वेचिले. त्यांना जाऊन आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. त्यांचे नाव मोठमोठ्या देशांतील विद्यालयांत घेतले जाते. परंतु आमच्याच जिल्ह्यातील खेड्यांत तरुण पिढीस ते ठाऊक नसावे, ही आम्हांस खेदाची गोष्ट वाटते.

मेबलबाईंचा जन्म 1935 साली जबलपूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव इम्मानुएल. वडील धर्मशास्त्र विद्यालयात नव्या कराराचे अध्यापक होते. ज्या घरात बाप ग्रीक पुस्तके उघडून बसलेला व पुढे पाळक होऊ इच्छिणारे तरुण दारात उभे, अशा घरात ही मुलगी वाढली. बुद्धी तीव्र होती व घरी मुलीच्या शिक्षणास विरोध नव्हता. म्हणून वैद्यकीचे शिक्षण घेण्याकरिता त्या दक्षिणेत वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या.

वेल्लोरचे नाव घेतले म्हणजे आयडा स्कडर ह्या बाईंची आठवण होते. मिशनरी डॉक्टरची ही तरुण मुलगी वैद्यकीत पडण्यास मुळीच राजी नव्हती. परंतु एका रात्री एकामागून एक असे तीन पुरुष दाराशी आले. तिघांच्याही बायका घरी अडल्या होत्या, व त्यांपैकी कोणीही पुरुष डॉक्टरास आपल्या बायकोजवळ जाऊ देण्यास तयार नव्हता. सकाळ होईपर्यंत तिन्ही बायका मरण पावल्या. त्या रात्रीने आयडाबाईंचे आयुष्य पालटले. त्या अमेरिकेत जाऊन वैद्यकी शिकल्या, आणि परत येऊन त्यांनी 1900 साली वेल्लोरास लहानसे काम आरंभिले व 1918 साली स्त्रियांकरिता वैद्यकीय विद्यालय काढिले. मेबलबाई तेथे शिकावयास गेल्या तोवर त्या संस्थेचे मोठे महाविद्यालय झाले होते व मुलगेही तेथे शिकू लागले होते. परंतु तिचा पाया त्या तीन मेलेल्या बाळंतिणींवर घातलेला होता, हे विसरून चालणार नाही.

ह्याच महाविद्यालयात त्यांची रजनीकांत आरोळे ह्यांच्याशी ओळख झाली. रजनीकांत हे आमच्या अहमदनगर जिल्ह्याचे, म्हणजे आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्याचे. खेड्यातील आजार व दारिद्र्य त्यांनी लहानपणापासून डोळ्यांनी पाहिले होते. दोघांनी 1959 साली परीक्षा उत्तीर्ण केली व 1960 साली त्यांचा विवाह झाला. लग्नाच्या दिवशी वधूवर एकमेकांस वचन देतात. ह्या दोघांनी त्यासोबत आणखी एक वचन दिले. ज्यांस कोणी विचारीत नाही अशा खेड्यातील गोरगरिबांकरिता आपण दोघांनी आपले आयुष्य द्यावे, असे ते वचन होते. लग्नाच्या मंडपात पुष्कळ गोष्टी बोलल्या जातात व वर्षभरात विसरल्या जातात. हे वचन मात्र मरेपर्यंत पाळले गेले.

1962 पासून काही वर्षे त्यांनी आमच्याच जिल्ह्यात वडाळा येथील मिशन इस्पितळात काम केले. काम पुष्कळ होते व लोक दुरून गाड्या जुंपून येत. तेथे त्यांच्या एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. हगवणीने सुकलेले मूल आईने आणावे, औषध-पाण्याने ते बरे व्हावे, आई हसतमुखाने घरी जावी, आणि काही दिवसांनी तेच मूल त्याच आजाराने पुन्हा यावे किंवा मुळीच येऊ नये. अडलेली बाई इस्पितळात पोहोचे ती दोन दिवस कळा सोसून. तोपर्यंत पोट चिरूनही पुष्कळदा उपयोग नसे. आजार खेड्यात जन्म घेत होता आणि डॉक्टर इस्पितळात बसून त्याची वाट पाहत होते. इस्पितळ कितीही चांगले असले तरी त्याच्या भिंतींच्या आत बसून हा प्रश्न सुटणार नाही, अशी त्या पतिपत्नींची खात्री झाली.

पुढे ते दोघे उच्च शिक्षणाकरिता अमेरिकेस गेले. तेथे आपआपल्या शास्त्रात प्रावीण्य मिळविल्यावर त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. अशा शिक्षणाचे डॉक्टर तेथेच राहिले असते तर पैसा व मान ह्यांस तोटा नव्हता. ते परत आले, आणि 1970 साली जामखेड येथे त्यांनी आपले काम आरंभिले.

जामखेड हा जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा अवर्षणप्रवण तालुका. आरोळे पतिपत्नींचा पहिला दवाखाना एका पडीक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या जागेत सुरू झाला. त्या वेळी खेड्यांची स्थिती काय होती ती थोडक्यात सांगतो. 1971 च्या सुमारास त्या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी 176 मुले वर्षाच्या आत मरत. म्हणजे सुमारे सहा मुलांत एक. गर्भार बाईची तपासणी ही गोष्ट जवळजवळ कोणास ठाऊकच नव्हती. मूल मोठे झाले तर अडेल, ह्या भीतीने गर्भार बाई पोटास चिमटा घेऊन बेताने खाई. नाळ विळ्याने कापली जाई व त्यातून धनुर्वात होई. आईचा पहिला चीक वाईट समजून पिळून टाकीत व बाळास दोन-तीन दिवस आईचे दूध देत नसत. गोवर आला तर देवीचा कोप म्हणून औषध देत नसत. हगवण लागली तर पाणी बंद करीत, आणि मूल तहानेनेच मरे. ह्या सर्व गोष्टी आई दुष्ट म्हणून करीत नसे. तिला कोणी दुसरे काही सांगितलेच नव्हते.

प्रारंभी त्यांनी काय केले ते आम्हां उपदेशकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी व्याख्याने दिली नाहीत. लोकांस आधी पाणी हवे होते, अन्न हवे होते. 1972 चा दुष्काळ पडला होता. तेव्हा बोअरच्या विहिरी घेण्याचे काम त्यांनी हाती घेतले, आणि पाणी दलितांच्या वस्तीत लागेल अशी जागा निवडली गेली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दलितांस आपल्या विहिरीवर येऊ दिले नव्हते, त्यांस आता हंडा घेऊन त्याच वस्तीत जावे लागले. लहान मुलांकरिता व गर्भार बायांकरिता सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, तेव्हा सर्व जातींची मुले एका पंगतीस बसली. कुरकुर झाली नाही असे नाही. परंतु भूक मोठी होती. डॉ. रजनीकांत गावच्या तरुणांशी व्हॉलीबॉल खेळत. खेळता खेळता निरनिराळ्या जातींचे पुरुष एकत्र बसू लागले, व त्यांतून शेतकरी मंडळे उभी राहिली. पुढे स्त्रियांचीही मंडळे झाली.

आता बाळंतिणींच्या प्रश्नाकडे वळू. प्रथम त्यांनी असा विचार केला की, शिकलेल्या नर्सबाई गावोगाव नेमाव्या. तो बेत फसला. शहरात शिकलेली तरुण मुलगी परक्या खेड्यात एकटी राहण्यास भिई, आणि गावच्या बाया तिला परकी समजत. जिला स्वतःचे मूल नाही ती आम्हांस बाळंतपण काय शिकविणार, असे त्यांस वाटे. तेव्हा गावच्या लोकांशी बोलता बोलता एक निराळी वाट सापडली. गावाने आपल्याच गावची एक बाई निवडून द्यावी. ती लग्न झालेली, मुलेबाळे असलेली, लोकांच्या दुःखास धावून जाणारी असावी. तिला लिहिता-वाचता आले नाही तरी चालेल. तिला जामखेडास शिकवावे व तिनेच गाव सांभाळावे.

हे सांगावयास सोपे, परंतु मेबलबाईंच्या जागी आपण स्वतःस ठेवून पाहावे. वेल्लोरसारख्या विद्यालयात पहिल्या पंक्तीत राहिलेली, दोन देशांत शिकलेली ही डॉक्टरीण. तिने आपली विद्या निरक्षर बायांच्या ओटीत टाकावयाची होती. त्यांपैकी पुष्कळ बाया दलित होत्या. कित्येक नवऱ्याने टाकलेल्या, कित्येक विधवा. असे केल्याने लोकांच्या जिवाशी खेळ होईल, असे म्हणणारे डॉक्टर थोडे नव्हते. आणि खरोखर एखाद्या बाईच्या हातून चूक झाली असती तर दोष मेबलबाईंच्याच माथी आला असता. त्यांनी ती जोखीम पत्करली. कारण दुसरी जोखीम, म्हणजे काहीच न करता सहा मुलांत एक मरू देणे, ही त्यांनी वडाळ्यास डोळ्यांनी पाहिली होती.

शिक्षणाची रीतही त्यांनी निराळीच ठेविली. ह्या बाया जामखेडास येत तेव्हा त्यांस मान वर करून बोलवत नसे. नाव विचारले तर अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगत. मेबलबाईंनी त्यांच्या हाती आरसा दिला व त्यात पाहून स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारण्यास सांगितले. आरोग्याचा पहिला पाठ हा होता. ज्या बाईस आपल्या नावाची किंमत कळली नाही, ती दुसऱ्या बाईच्या जिवाची किंमत गावास कशी पटविणार? नंतर सर्व जातींच्या बाया एकत्र जेवल्या, एकत्र राहिल्या. दर आठवड्यास त्या येत. मागील आठवड्यात काय घडले ते सांगत व एक नवी गोष्ट शिकून जात. पुस्तक नव्हते; चित्रे, गाणी व तोंडपाठ केलेल्या गोष्टी होत्या. चुकले तर त्यांस रागे भरत नसत. बाकीच्या बाया मिळून ते सुधारीत.

गावी परत गेल्यावर ही बाई काय करी? कोणास दिवस गेले आहेत हे गावात तिला सर्वांत आधी कळे. ती गर्भार बाईच्या घरी जाई. सासूजवळ बसून, जी भाकरी-भाजी घरात आहे तीच जास्त खाऊ द्या, असे गोडीने सांगे. पोट चाचपून मूल आडवे आहे की काय ते पाही. पाय सुजले, डोके दुखले, रक्त गेले, तर गाडी जुंपावयास लावी व जामखेडास पाठवी. बाळंतपणाच्या वेळी साबणाने हात धुई व निर्जंतुक पाते वापरी. विळ्याचे काम संपले. बाळ जन्मताच त्यास आईच्या छातीशी लावी व तो चीक हेच बाळाचे पहिले औषध आहे असे सांगे. मुलांचे वजन करून जे वाढत नाही त्याच्या आईस निराळे न काढिता शेजारणींस तिच्या मदतीस लावी. हगवण लागली तर मीठ-साखरेचे पाणी पाजण्यास शिकवी. लसी टोचण्याच्या दिवशी साऱ्या मुलांस गोळा करी. आणि जे तिच्याने होण्यासारखे नव्हते त्याकरिता जामखेडचे लहानसे इस्पितळ होते. तेथे अडलेल्या बाईची शस्त्रक्रिया होई. गावची बाई आणि इस्पितळाची डॉक्टरीण ह्या एका साखळीच्या दोन कड्या होत्या. एक तुटली तर दुसरीचा उपयोग नव्हता.

ह्याचे फळ काय झाले? पाच-सहा वर्षांत मुलांच्या मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, आणि विसावे शतक संपण्यापूर्वी ते हजारी तिशीच्या आत आले. अशक्त, कुपोषित मुले पूर्वी शंभरात चाळीसच्या घरात होती. ती थोडी उरली. थोड्या गावांपासून आरंभिलेले काम पुढे सत्तर गावांपर्यंत पोहोचले. ज्या बाईच्या सावलीचा पूर्वी विटाळ होई, तिला आता वरच्या आळीतून मध्यरात्री बोलावणे येऊ लागले. आमच्या मते हा चमत्कार आकड्यांहून मोठा आहे.

जगानेही ह्या कामाची दखल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली निरनिराळ्या देशांतील लोकांनी उभारलेल्या आरोग्यकार्याचे पुस्तक काढिले. त्यात जामखेडचा वृत्तान्त आरोळे पतिपत्नींनी लिहिला. 1978 साली आल्मा-आता येथे अनेक राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले व गावोगावी प्राथमिक आरोग्यसेवा पोहोचविण्याचा संकल्प झाला. त्या विचारास ज्या थोड्या ठिकाणांचा दाखला होता त्यांत जामखेड होते. 1979 साली उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला व 1990 साली पद्मभूषण. 1994 साली त्यांनी आपल्या कामाची हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. देशोदेशींचे लोक शिकावयास जामखेडास येत. आणि त्यांस शिकविण्यास पुढे बसत त्या ह्याच, एके काळी आपले नाव घेण्यास लाजणाऱ्या बाया.

सप्टेंबर 1999 मध्ये मेबलबाईंनी देह ठेविला. डॉ. रजनीकांत ह्यांनी पुढे बारा वर्षे काम चालविले व 2011 साली तेही गेले. त्यांच्यामागे त्यांच्या मुलांनी हे काम उचलले. 2005 पासून सरकारने गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमण्यास आरंभ केला. गावचीच बाई, गावाकरिता शिकविलेली, हा त्या योजनेतील मूळ विचार जामखेडने तीस वर्षे आधी करून दाखविला होता.

आता आमच्या मंडळ्यांस एक शब्द. आम्ही पाळक म्हणून खेड्यापाड्यांत फिरतो. बाप्तिस्म्याच्या वहीत मुलांची नावे आनंदाने लिहितो. आणि कधी कधी, ज्याचे नावही अजून ठेविले नाही अशा बाळाची लहान पेटी हातांत धरून स्मशानात जातो. अशा वेळी प्रभूची इच्छा असे म्हणून आम्ही आईबापांचे समाधान करितो. परंतु खाली बसून मनाशी विचार केला म्हणजे आमचे आम्हांस विचारावेसे वाटते की, सात महिने ती बहीण दर रविवारी आमच्यासमोर भिंतीशी बसत होती. तिने तपासणी केली की नाही, तिच्या घरी पोटभर आहे की नाही, हे आम्ही एकदा तरी विचारिले होते काय? जेथे आम्ही विचारिले नाही, तेथे देवाच्या इच्छेवर भार टाकण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्ही हे दुसऱ्यास दोष देण्याकरिता लिहीत नाही. दोष आमचा आहे.

आज साधने पुष्कळ आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, अंगणवाडी आहे, आशाताई आहे, 108 क्रमांकाची गाडी आहे. बाळंतपण घरी न करिता दवाखान्यातच करावे, हे आता सर्वांस कळले पाहिजे. तथापि गाडी आपोआप येत नाही. कोणीतरी मध्यरात्री उठून ती बोलवावी लागते. दवाखान्यात गेलेल्या बाईची वडील मुले कोणीतरी सांभाळावी लागतात. बाळंतिणीच्या घरी कोणीतरी भाकरी पोहोचवावी लागते. ऊसतोडीस जाणारे कुटुंब गरोदर सुनेस सोबत नेणार असेल, तर तिच्या तपासणीचे कार्ड तिच्याजवळ आहे ना, हे निघण्यापूर्वी कोणीतरी पाहावे लागते. हे सरकार करीत नाही. हे शेजारी करितात. प्रत्येक मंडळीतील स्त्रियांच्या सभेने आपल्यातील दोन अनुभवी बहिणी ह्या एका कामाकरिता निवडाव्या, आणि त्यांनी आपल्या घरांपुरते न पाहता साऱ्या वस्तीकडे पाहावे. कारण मेबलबाईंनी विहीर खणताना किंवा पंगत मांडताना कोणाचा धर्म अथवा जात विचारिली नाही.

मिसर देशात शिप्रा व पुवा ह्या दोन सुइणी होत्या. ज्या राजाने मुले मारण्याचा हुकूम सोडिला त्याचे नाव शास्त्राने सांगितलेले नाही; त्या दोन सुइणींची नावे मात्र जपून ठेविली आहेत. जामखेडच्या बायांनी आरशात पाहून आपले नाव प्रथम उच्चारिले, तेव्हा त्यांस हे ठाऊक नसेल. परंतु मेबलबाई नव्या कराराच्या अध्यापकाची मुलगी होत्या. त्यांस ते ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.